काकरापारची वीज, तापीचं पाणी आणि आपली मासळी



संस्थेच्या कार्यालयात सध्या तीन प्रश्न वारंवार येतात. पहिला: सूर्याची आणि वाऱ्याची वीज एवढी वाढते आहे, तर सरकार अणुवीज कशाला वाढवतंय? दुसरा: काकरापारच्या केंद्रामुळे तापीचं पाणी आणि मासळी बिघडते का? तिसरा प्रश्न घरच्या बायकांचा आहे, कारण बाजारात त्याच बसतात: गिऱ्हाईक विचारतं, "ही मासळी अणुभट्टीजवळची तर नाही ना?" तेव्हा काय सांगायचं?

एकेकाला तोंडी सांगण्यापेक्षा सगळं एकत्र लिहावं असं ठरलं. लेख जरा मोठा आहे. सवडीने वाचा, घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आपल्या शेजारी नेमकं काय आहे

काकरापार अणुवीज केंद्र बारडोलीपासून सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आत आहे. तिथे चार भट्ट्या आहेत. २२० मेगावॅटच्या दोन जुन्या भट्ट्या १९९३ आणि १९९५ मध्ये सुरू झाल्या. ७०० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्यांपैकी एक जून २०२३ पासून आणि दुसरी मार्च २०२४ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देते. चारही मिळून १,८४० मेगावॅट. ७०० मेगावॅटची स्वदेशी बनावटीची देशातली पहिली भट्टी हीच. चालवणारी कंपनी सरकारी आहे, भारतीय अणुऊर्जा महामंडळ.

या केंद्राला पाणी तापीचं लागतं. वर उकाई धरण, खाली काकरापारचा बंधारा आणि मधल्या टापूत आपली होडी आणि जाळी. म्हणून हा विषय आपल्यासाठी फक्त वर्तमानपत्रात वाचायचा नाही.

बर्फाला रात्र नसते

वीज कशाला लागते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मासळी पाण्याबाहेर आली की घड्याळ सुरू होतं. बर्फाचा कारखाना रात्रंदिवस चालतो, कारण लादी गोठायला तासन् तास लागतात आणि मध्येच वीज गेली की लादी पोकळ निघते. शीतगृहाचं तसंच. रात्री दोन वाजता वीज गेली तर सकाळी माल स्वस्तात काढावा लागतो.

आता सौर विजेचं बघा. दुपारी भरपूर, संध्याकाळी कमी, रात्री शून्य. पावसाळ्यात ढग आले की दिवसाही कमी. वाऱ्याची वीज वाऱ्याच्या मर्जीवर. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सरकार सांगतं की देशातल्या वीज उभारणीत निम्म्याच्या आसपास वाटा आता कोळसा सोडून इतर साधनांचा आहे. ते खरं आहे. पण ती "क्षमता" आहे. होडीत दोन टन मासळी मावते म्हणून रोज दोन टन मिळते असं नाही. सौर पॅनेलची क्षमता १०० असेल तर वर्षभराची सरासरी धरून हाती साधारण २० च्या आसपास येते. अणुभट्टी एकदा नीट चालू झाली की १०० पैकी ८० किंवा जास्त देते, आणि रात्रीही देते.

म्हणूनच आजही देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत ७० टक्क्यांहून जास्त वाटा कोळशाचा आहे. अणुविजेचा वाटा जेमतेम ३ टक्के.

मग अणुविजेचं काम काय

भारताने २०७० पर्यंत हवेत सोडलेला आणि शोषलेला कार्बन वायू सारखा करायचं ठरवलं आहे. म्हणजे कोळसा हळूहळू कमी करायचा. दिवसाचा कोळसा सौर विजेने कमी होईल, ते दिसतंच आहे. रात्रीचा कोळसा कशाने कमी करायचा, हा खरा प्रश्न.

त्याला उत्तरं तीन-चार आहेत. मोठ्या बॅटऱ्या. उकाईसारख्या धरणांची जलवीज. दुपारच्या जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून रात्री खाली सोडायचे प्रकल्प. आणि अणुवीज. यातलं कुठलंही एकटं पुरणारं नाही.

अणुविजेची बाजू अशी. एक युनिट वीज बनवताना खाणीपासून बांधकामापर्यंत सगळा हिशेब धरला तर कोळशातून साधारण ८०० ग्रॅम कार्बन वायू हवेत जातो. अणुविजेतून १२ ग्रॅमच्या आसपास, पवनविजेतून तेवढाच, सौर विजेतून त्याहून थोडा जास्त. जागाही कमी लागते. काकरापारच्या दोन नव्या भट्ट्या मिळून १,४०० मेगावॅटच्या. तेवढीच युनिटं सौर विजेतून वर्षभर काढायची तर साधारण ५,६०० मेगावॅटची पॅनेल लागतील, आणि रात्रीसाठी साठवणूक वेगळी.

हे आपल्याशी कसं जोडलेलं आहे? समुद्र तापतो, वादळं वाढतात, पाऊस वेळ सोडून पडतो, हे आपण रोज भोगतो. कोळसा कमी होण्यात मच्छीमाराचा फायदा आहे. हे मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे.

दुसरी बाजूही तेवढीच खरी

पहिली उणीव वेळेची. काकरापारच्या दोन नव्या भट्ट्यांचं काँक्रीट २०१० च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि वीज विकायला २०२३ आणि २०२४ उजाडलं. तेरा वर्षं. सौर प्रकल्प त्यापेक्षा कितीतरी लवकर उभा राहतो. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅट अणुविजेचं लक्ष्य जाहीर झालं. आज देशात सगळ्या अणुभट्ट्या मिळून ९ हजार मेगावॅटच्या आत आहेत. म्हणजे केवढी उडी आहे ते बघा.

दुसरी, वापरलेलं इंधन. ते अनेक पिढ्या सांभाळावं लागतं. आपल्याकडे ते आधी पाण्याच्या टाक्यांत ठेवतात आणि नंतर त्यावर प्रक्रिया करतात. पण सांभाळायची जबाबदारी संपत नाही.

तिसरी, भट्टी सहजासहजी कमी-जास्त करता येत नाही. ती एका चालीने चालते. म्हणून सौर आणि अणू हे एकमेकांचे शत्रू नाहीत, पण एकाने दुसऱ्याची जागा पूर्ण भरून काढावी असंही होत नाही.

आणि चौथी गोष्ट, जी आपल्याला सगळ्यात जवळची: पाणी.

पाण्याचा हिशेब

अणुभट्टी म्हणजे शेवटी मोठी चूल. युरेनियमच्या उष्णतेने पाणी तापतं, वाफ होते, वाफेने चक्र फिरतं, चक्राने वीज. चुलीतली सगळी उष्णता भांड्याला लागत नाही, तसंच इथेही तीन भाग उष्णतेतला एकच भाग वीज होतो. उरलेले दोन भाग बाहेर टाकावेच लागतात. ते टाकायला पाणी लागतं.

काकरापारमध्ये पाण्याची तीन वेगवेगळी वर्तुळं आहेत. इंधनाभोवती जड पाणी फिरतं. ते दुसऱ्या पाण्याला उष्णता देऊन वाफ करतं. वाफेचं परत पाणी करायला तिसरं, म्हणजे तापीकडून आलेलं पाणी. तिन्हींच्या मध्ये धातूच्या नळ्या असतात. नेहमीच्या कामात तापीचं पाणी इंधनाला शिवत नाही.

नव्या भट्ट्यांजवळ जे अवाढव्य मनोरे लांबून दिसतात, त्यातून निघतो तो धूर नाही, पाण्याची वाफ आहे. मनोऱ्यांमुळे नदीत गरम पाणी कमी जातं, पण वाफ होऊन पाणी कायमचं उडतं. अशा मनोऱ्यांवर एक युनिट विजेमागे साधारण अडीच लिटर पाणी उडतं. दोन नव्या भट्ट्या दिवसभर पूर्ण चालल्या तर ३ कोटी ३६ लाख युनिटं होतात, म्हणजे अंदाजे ८ कोटी ४० लाख लिटर पाणी दिवसाला. आकडा ऐकून छाती दडपते. पण वर्षभराचा हिशेब केला तर तो उकाईच्या भरलेल्या साठ्याच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. कोळशाच्या केंद्रालाही जवळपास एवढंच पाणी लागतं, वर राख वेगळी.

म्हणून "अणुभट्टी तापी पिऊन टाकते" हे म्हणणं बरोबर नाही. अडचण येते ती दुष्काळाच्या वर्षी. उकाईत साठा कमी, शहराला पाणी हवं, कालव्याला हवं, कारखान्याला हवं आणि केंद्रालाही हवंच, कारण बंद असलेली भट्टीसुद्धा थंड ठेवावी लागते. या सगळ्यांच्या यादीत मासळीचं नाव कुठे असतं? बहुतेक वेळा नसतंच.

जिथे गरम पाणी परत नदीत किंवा समुद्रात सोडतात तिथे दुसरा प्रश्न. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेच पाणी ३५ अंशांवर गेलं की ७ च्या खाली येतो. मरळसारखा मासा वर येऊन हवा घेऊ शकतो. रोहू-कटला आधी सुस्तावतात, मग जागा सोडतात. फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त वीज अणूची आहे. तिथे २००३ आणि २०२२ च्या कडक उन्हाळ्यात नद्या तापल्या तेव्हा नदीकाठच्या काही भट्ट्यांना वीज कमी करावी लागली, कारण गरम पाणी सोडण्यावर तिथे मर्यादा आहेत. नदी तापली तर वीजवाल्यांचंही अडतं. हे आपण लक्षात ठेवावं.

गिऱ्हाईकाला काय सांगायचं

जड पाण्याच्या भट्टीत ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत थोडा बाहेरही सोडला जातो. हे लपवण्यासारखं नाही. लोकांसाठी केंद्रामुळे होणाऱ्या किरणोत्साराची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. जमीन, दगड, आकाश आणि अन्न यातून माणसाला निसर्गतःच वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा असते. ती पाणी, दूध, धान्य आणि मासे यांचे नमुने तपासते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अहवालांत केंद्रांभोवतीचे आकडे मर्यादेच्या पुष्कळ खाली दिलेले असतात.

तेव्हा गिऱ्हाईकाला ठामपणे सांगा: "मासळीची तपासणी होते, आकडे मर्यादेच्या आत आहेत, ताजी आहे, घ्या." गावाचं सांडपाणी आणि कारखान्याचं पाणी थेट पडतं तिथली मासळी धरू नका, विकू नका. पोटात जाणारा रोजचा धोका तिथे जास्त आहे.

पण आमचं एक मागणं आहे. ते तपासणीचे आकडे इंग्रजी अहवालात राहून उपयोग नाही. आमच्या पाण्यातल्या माशांचे आकडे आमच्या संस्थेच्या फळ्यावर, गुजरातीत आणि मराठीत लागले पाहिजेत. गिऱ्हाईकाचा विश्वास त्यानेच बसेल.

झालेल्या घटना

जून १९९४ मध्ये इथे अतिवृष्टी झाली. केंद्राजवळचा मोतीचेर तलाव भरला आणि पाणी थेट टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. त्या वेळी भट्टी बंद होती. पुराची तयारी किती महत्त्वाची आहे हे तेव्हा कळलं. २००६ मध्ये उकाईच्या पाण्याने सुरत बुडालेलं आपण पाहिलंच आहे.

११ मार्च २०१६ रोजी पहिल्या भट्टीतल्या एका नळीतून जड पाणी गळालं. भट्टी लगेच बंद झाली आणि केंद्राच्या आवारापुरती आणीबाणी जाहीर झाली. बाहेर गेलेला किरणोत्सार मर्यादेत होता असं नियामक मंडळाने सांगितलं. भट्टी पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं. दुसऱ्या भट्टीतही २०१५ मध्ये गळती झाली होती.

या दोन्ही गोष्टी आम्ही घाबरवायला सांगत नाही. पण "काही होतच नाही" असं कोणी म्हटलं तर तेही खरं नाही. होडी किती मजबूत आहे हे सांगणाऱ्याने भोक कुठे बुजवलं तेही सांगावं.

तारापूर आणि जैतापूरकडून काय शिकायचं

आपल्या कित्येक सभासदांचे सोयरे पालघर आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहेत. त्यांचा अनुभव आपल्यापेक्षा जुना.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून आहेत, देशातल्या पहिल्या. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली आणि पुनर्वसनाचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. भट्ट्या थंड करायला पाणी समुद्राचं. मासळी कमी झाल्याची तक्रार तिथले मच्छीमार करत आले आहेत. पण तिथेच मोठी औद्योगिक वसाहतही आहे. मग मासळी कोणामुळे कमी झाली, गरम पाण्यामुळे, रसायनांमुळे की मोठ्या ट्रॉलरांमुळे? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

यातून वाट काढली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध त्यांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. पाण्याच्या तपासण्या झाल्या, समित्या बसल्या आणि लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर भरपाई बसवली. हे घोषणांनी झालं नाही, कागदांनी झालं.

जैतापूरला माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प ठरला. पलीकडे साखरी नाटे हे मोठं मच्छीमार गाव. गरम पाणी आणि सुरक्षेच्या नावाखाली होड्यांना होणारा मज्जाव, या दोन भीती त्यांनी पहिल्या दिवसापासून मांडल्या. १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला. प्रकल्प अजून उभा नाही. लोकांना आधी विचारलं नाही की वीजही मिळत नाही आणि माणूसही जातो.

सौर आणि पवनही आपल्या पाण्यावर येणार

काही सभासद म्हणतात, अणू नको, सौरच बरं. पण जलाशयावर पॅनेल तरंगत ठेवायचे प्रकल्पही आता येत आहेत. मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या ओंकारेश्वर जलाशयात असा मोठा प्रकल्प चालू आहे. पॅनेल तरंगतात तिथे जाळं टाकता येत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी केंद्राने २०२४ मध्ये मदतीची योजना मंजूर केली, त्यात गुजरातच्या समुद्रातले ५०० मेगावॅट आहेत. खांबांमधून होड्यांना वाट कुठून, हा प्रश्न खलाशांचाच.

म्हणजे वीज कुठलीही असो, ती पाण्याचा एक तुकडा मागणारच. फरक एवढाच की कोणाला किती, कुठे आणि कोणत्या अटीवर द्यायचा, हे ठरवताना आपण तिथे बसलेले असतो की नाही.

आपण काय करायचं

संस्थेच्या कार्यकारिणीत चर्चा करून आम्ही चार कामं ठरवली आहेत.

१. मासळीची नोंदवही. प्रत्येक होडीने रोज लिहायचं: तारीख, जागा, कोणती मासळी, किती किलो. पावत्या आहेतच, त्यात जागा आणि जात वाढवायची. पाच वर्षांची अशी वही असेल तर नुकसान झालं की झालं नाही, दोन्ही सिद्ध करता येतं. वही नसेल तर आपल्या बोलण्याला वजन नाही.

२. तापमान. प्रत्येक गटाला संस्था एक साधा तापमापक देईल. पहाटे आणि दुपारी, ठरलेल्या जागी मोजायचं. शाळेत शिकणारी मुलंमुली हे काम आपल्यापेक्षा नीट करतील.

३. जनसुनावणी. मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरण अधिसूचना २००६ प्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ जाहीर सुनावणी घेतं. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणीत नुसतं "विरोध" किंवा "पाठिंबा" लिहू नका. पाच प्रश्न विचारा: पाणी किती घेणार? किती अंश गरम परत सोडणार? दुष्काळात काय करणार? होड्यांना कुठे मज्जाव असणार? मासळीची तपासणी कोण करणार आणि आकडे आम्हाला कधी दाखवणार? उत्तर लेखी घ्या.

४. आपत्तीची तयारी. केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन आराखडा असतो. त्या पट्ट्यात जाळी टाकणाऱ्या सभासदांना इशारा कसा मिळणार, पाण्यावर असताना कुठे जायचं, याची माहिती जिल्हा प्रशासनाकडे संस्था लेखी मागणार आहे. पुराच्या इशाऱ्यालाही तेच लागू.

अणुवीज चांगली की वाईट, यावर घरोघरी मतं वेगळी असतील, असू द्या. आमचं मत विचाराल तर ते असं: कोळसा कमी व्हायला हवा, सौर आणि पवन वाढायला हवेत, आणि रात्रीच्या विजेसाठी काही वर्षं तरी अणूची साथ लागेल. काकरापार उद्या उठून जाणार नाही. ते राहणार असेल तर शेजाऱ्यासारखं राहावं, आणि शेजाऱ्याने आपल्या दाराचं पाणी मोजू द्यावं.

नोंदवह्या आणि तापमापक कार्यालयात मिळतील, येताना होडीची नोंदणी आणि मागच्या पावत्या घेऊन या. प्रश्न असतील तर खाली लिहा, आम्ही उत्तर देऊ. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना हा लेख वाचून दाखवा.

आपले,
सचिव आणि कार्यकारिणी